शेवटचं कडवं

आमच्या भिवापूर-उमरेडच्या पट्ट्यात कव्वालीच्या रात्रीला ‘दुय्यम’ म्हणतात. दुय्यम म्हणजे दुसऱ्या दर्जाचं नव्हे. दोन गायन पार्ट्या एकाच मंडपात बसतात, एक गाते, दुसरी उत्तर देते, असा तो सामना. एका बाजूला बहुतेक गायक, दुसऱ्या बाजूला गायिका. पोस्टरवर दोघांचे फोटो, मधोमध बुद्ध आणि बाबासाहेब, खाली ठसठशीत अक्षरांत सामन्याची तारीख. गावातल्या विजेच्या खांबावर हे पोस्टर चिकटलं की आमच्या मोहल्ल्यातल्या बायका आठ दिवस आधीपासून त्या रात्रीच्या स्वयंपाकाचं गणित मांडायच्या. चूल लवकर पेटली पाहिजे, लेकरं लवकर जेवली पाहिजेत, आणि पुढची जागा धरायला कोणीतरी दिवस मावळायच्या आधी पोतं अंथरून आलं पाहिजे.

पुढे नोकरीसाठी नागपूरला राहायला आले तेव्हा शाळेतल्या सोबतच्या शिक्षिका विचारायच्या, गाण्याचं इतकं वेड तुला कुठून लागलं? कोणाच्या घरी रेडिओ होता, कोणाच्या आजोळी गाण्याच्या बैठकी व्हायच्या. माझं घराणं विचाराल तर पोत्यावरचं. गाणं मी शिकले नाही, गायलेही नाही. मी ऐकणारी. पण ऐकणारीलाही सांगायसारखं काही असतं, म्हणून हे लिहिते.

दुय्यमची रात्र रांगत रांगत सुरू व्हायची. आधी बुद्धवंदना. मग पाहुण्यांचे हारतुरे, सरपंचांचं भाषण, पोलीस पाटलांचं भाषण. तेवढ्यात लहान लेकरं आईच्या मांडीवर आडवी व्हायची. दहा-साडेदहाला पेटीवर पहिला सूर लागायचा, बेंजो किणकिणायचा, ढोलकवाला दोन्ही पुड्यांवर बोट मारून कान लावायचा. पहिली दोन-तीन गाणी सौम्य. बारा वाजून गेले की खरा सामना पेटायचा. हा गायक एखादा प्रश्न गाण्यातच टाकायचा, महाडचा सत्याग्रह कोणत्या साली, येवल्यात बाबासाहेबांनी काय जाहीर केलं, आणि समोरची गायिका तो प्रश्न झेलून उत्तराचं गाणं तिथल्या तिथे उभं करायची. उत्तर बसलं की मंडप उठायचा. पहाटे कोंबडा आरवला तरी कोणी हलायचं नाही.

या सगळ्यात लहानपणी मला सर्वांत जास्त काय आवडायचं, तर बक्षीस. गाणं रंगात आलं की एखादा माणूस गर्दीतून वाट काढत मंचाकडे जायचा आणि दोनाची, पाचाची नोट गायकाच्या हातात द्यायचा. गायक गाणं तिथंच थांबवायचा. ढोलक बारीक वाजत राहायची. मग तो माइकवरून सांगायचा, ‘अमुक गावचे अमुक अमुक यांच्याकडून पाच रुपये, पार्टी त्यांची आभारी आहे, जयभीम.’ पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, आडनावासकट. भोंग्यातून ते नाव धुऱ्यापलीकडच्या वावरापर्यंत जायचं. नाव घेतलं गेलेला माणूस जागेवर येऊन बसायचा तेव्हा त्याची मान वेगळीच असायची. गाणं तुटतं म्हणून शहरातल्या माझ्या मैत्रिणींना हा प्रकार विचित्र वाटला होता. मला तो गाण्याचाच भाग वाटायचा.

याचं कारण आजीच्या पिढीकडे पाहिलं की कळतं. जुन्या माणसांची आमच्याकडची नावं कशी होती? धोंड्या, दगडी, कचरू, काळ्या. चांगलं नाव ठेवलं तर वरच्या आळीला ते खपायचं नाही, आणि ठेवलेल्या नावालाही हाक मारताना मोडून-तोडून अर्धं केलं जायचं. १४ ऑक्टोबर १९५६ ला, अशोक विजयादशमीच्या दिवशी, बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. त्यानंतर आमच्या मोहल्ल्यात जन्मलेल्या लेकरांची नावं बघा. गौतम, सिद्धार्थ, राहुल, आनंद, सुजाता, यशोधरा. एका पिढीत सगळी हजेरी बदलली. त्यात पुन्हा मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ ला झाला आणि नाव प्रत्यक्ष लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. एका नावासाठी साडेपंधरा वर्षं. त्या काळातल्या दुय्यममध्ये नामांतराचं एक तरी गाणं असायचंच. नाव या गोष्टीची किंमत आम्हाला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. भोंग्यातून बापाचं धड नाव ऐकू येणं ही पाच रुपयांत मिळणारी वस्तू नव्हती.

माझे बाबा एका लहानशा गायन पार्टीत पेटी वाजवायचे. पार्टी म्हणजे काय, पाच माणसं. शेतमजुरी करणारे दोघे, एक सायकल दुरुस्तीवाला, एक बांधकाम मिस्त्री आणि बाबा. मोठ्या सामन्यांना त्यांना कोणी बोलवत नसे. जयंती, बारसं, तेरवीऐवजी होणारा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, नव्या घराचा प्रवेश, असल्या ठिकाणी ते जात. बाबा दुसरीपर्यंत शिकलेले. सही करता यायची, बोर्ड वाचता यायचा, पण गाणं उतरवून घेण्याइतका हात चालत नव्हता. म्हणून मी चौथीत गेले तशी त्यांची वही माझ्याकडे आली. दोनशे पानी, पुठ्ठ्याची. बाबा कुठून तरी गाणं ऐकून यायचे, दोन-तीन दिवस घोळवायचे आणि मग कंदिलाजवळ बसून मला सांगायचे. मी लिहायची.

लिहिताना झोप यायची. चार कडव्यांचं गाणं असलं तर तिसऱ्या कडव्याला डोळे मिटायचे. बाबा बाकी कशालाही रागवत नसत, पण शेवटच्या कडव्याला ते मला उठवून बसवायचे. म्हणायचे, “बाई, शेवटचं कडवं सोडू नोको. गाणं लिवनाऱ्याचं घर थेच हाये.”

शेवटच्या कडव्यात कवीचं नाव असतं. अभंगात तुकोबा येतात तसं. आणि आमच्या वहीत सगळ्यात जास्त वेळा जे नाव आलं ते वामन. वामनदादा कर्डक. १५ ऑगस्ट १९२२ चा त्यांचा जन्म, नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यातलं देशवंडी हे गाव. मुंबईला कामाला गेलेला हा माणूस मोठेपणी अक्षर शिकला, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत. आणि मग हजारो गाणी लिहिली, गावोगाव फिरून गायली. १५ मे २००४ ला ते गेले. मी त्यांना प्रत्यक्ष कधी ऐकलं नाही. पण त्यांचं गाणं आमच्या गावात त्यांच्याही आधी पोचलं होतं, ते कसं याचं मला आजही नवल वाटतं. कॅसेट नव्हती, रेडिओ मोहल्ल्यात एक, पुस्तक कोणाकडेच नाही. नाशिकचं गाणं एका गायकाने ऐकलं, त्याच्याकडून दुसऱ्याने उचललं, त्याने वर्ध्याला गायलं, तिथून उमरेडच्या बाजाराला आलेल्या कोणी ते आमच्या सायकलवाल्याच्या दुकानात गुणगुणलं. इतक्या तोंडांतून येताना शब्द बदलायचे, चाल बदलायची, एखादं कडवं वाटेत गळायचं. शेवटचं मात्र टिकायचं, कारण प्रत्येक गाणाऱ्याला कोणीतरी बाबांसारखं दटावलेलं असायचं. छापखाना नसलेल्या लोकांनी कवीचा हक्क असा जपला. कागद नाही, करार नाही, फक्त एक ओळ.

माझी आवडती गाणी विचाराल तर मी ती चालीवरून नाही, माणसांवरून सांगते. रमाईंवरची गाणी मायची. बाबासाहेब शिकत होते तेव्हा रमाईंनी घर कसं चालवलं, पाच लेकरांपैकी चार कशी गेली, हे माय कुठल्या पुस्तकात वाचणार? तिला अक्षर येत नव्हतं. भिवापूरची मिरची प्रसिद्ध. हंगामात माय सातऱ्यावर जायची. सातरा म्हणजे मिरची वाळवायचं आणि देठं खुडायचं मोकळं मैदान. दिवसभर खुडून बोटांची आग व्हायची, रात्री हात पाण्यात बुडवून बसावं लागायचं. त्या सातऱ्यावर बायका ओळीने बसून खुडता खुडता रमाईचं गाणं म्हणायच्या. एकीने उचलायचं, बाकीच्यांनी झेलायचं. ठसका लागला की गाणं थांबायचं, हसू व्हायचं, परत सुरू. गाण्यात रमाईंचं दुःख, डोळ्यात मिरची. कोणती बाई कशाने रडते हे ओळखू यायचं नाही, आणि तेच त्यांना सोयीचं होतं.

मायला महाडच्या चवदार तळ्याची तारीख पाठ होती, २० मार्च १९२७. दीक्षेची होती. रमाई गेल्या ते साल, १९३५, तेही. एकदा मी सातवीत असताना इतिहासाच्या धड्यातलं साल विसरले, तर तिने भाकर थापता थापता ते कडवं म्हणून दाखवलं आणि म्हणाली, “घे, यात हाये.” भीमराव कर्डकांच्या जलशाबद्दल बाबासाहेब म्हणत की आपल्या दहा सभांचं काम एक जलसा करतो, असं सांगितलं जातं. मायने सभा एकही ऐकली नव्हती. तिच्याकडे जे काही होतं ते जलशाकडून आणि दुय्यमकडून आलेलं.

प्रल्हाद शिंदेंची गाणी बाबांची. तो आवाज त्यांना देवासारखा. तसं बोलून दाखवलं तर चिडायचे, “देव नोको म्हणू, शिंदे म्हण.” हाच गळा भीमगीतं गायचा आणि हाच गळा विठ्ठलाची गाणी गाऊन उभ्या महाराष्ट्राच्या घराघरात पहाटे वाजायचा. गावातल्या पाटलाच्या वाड्यात लाऊडस्पीकरवर शिंदेंचं विठ्ठलाचं गाणं लागलं की बाबा रस्त्यात उभे राहून पुरं ऐकायचे आणि मग पुढे जायचे. आवाजाला आळी नसते, हे मी बाबांच्या त्या उभं राहण्यातून शिकले.

आणि मोठा मेळा म्हणाल तर दीक्षाभूमीचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही छोट्या लाईनच्या गाडीने निघायचो. नागभीड ते नागपूर धावणारी ती नॅरोगेज गाडी. ब्रॉडगेज करायची म्हणून २०१९ मध्ये बंद झाली. डब्यात पाय ठेवायला जागा नसायची, तरी प्रत्येक डब्यात कोणीतरी खंजिरी आणलेली असायचीच. गाडीची गती इतकी मंद की एका स्टेशनवर सुरू केलेलं गाणं पुढच्या स्टेशनपर्यंत सगळ्या कडव्यांसकट पुरायचं. इतवारीला उतरून पायी. शिदोरीला भाकरी आणि मिरचीचा ठेचा. जसजशी दीक्षाभूमी जवळ यायची तसा रस्ता गाण्यांनी भरत जायचा. दर पन्नास पावलांवर एक पाल, पालात पुस्तकं, बिल्ले, मूर्ती, आणि पुढे पुढे कॅसेटी. एकाच वेळी दहा कॅसेटी वाजायच्या. एकीतला ढोलक दुसरीतल्या आवाजाला लागायचा. मला त्या गोंगाटात मजा यायची. बाबा मात्र एखाद्या पालासमोर थबकायचे, कान देऊन शेवटचं कडवं येईपर्यंत थांबायचे, नाव ऐकलं की मान हलवून पुढे. कॅसेट क्वचितच घ्यायचे. पैशाची गोष्ट होती. पण ते म्हणायचे, “आयकलं नं, आता आपलं झालं.”

२६ नोव्हेंबर २०१० ला त्याच दीक्षाभूमीवर शाहीर विठ्ठल उमप कार्यक्रमाला आलेले असताना मंचावरच कोसळले आणि गेले. एकोणऐंशी वर्षांचे होते. ‘जांभूळ आख्यान’ उभ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतलं तो हा माणूस. बातमी रात्री गावात पोचली तेव्हा बाबा थकलेले, पेटीही वाजवत नव्हते. त्यांनी विचारलं, “कुठं?” दीक्षाभूमीवर, म्हटलं. “मंचावर?” हो. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “गानाऱ्यासाठी याच्यापेक्षा चांगली जागा नाही.” त्यांच्या बोलण्यात दुःख होतं तसा थोडा हेवाही होता असं मला वाटलं. चार वर्षांनी बाबा गेले, घरी, खाटेवर, दुपारी.

आता दुय्यम कमी झाले. याला एक कारण नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद केला. वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट मिळते. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. दवाखान्यातला पेशंट, परीक्षेचं पोर, पहाटे कामाला जाणारा माणूस, यांनाही झोप लागते. पण ज्या कार्यक्रमाचा जीव बारानंतर होता त्याला दहाला उठवलं तर तो काय करणार? नुसती वंदना, हारतुरे आणि भाषणं उरतात. सामना उरत नाही. त्यातच डीजे आला.

माझा भाचा डीजे चालवतो. भावाचा मुलगा, मनाने चांगला, हुशार. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत त्याची गाडी सगळ्यांत पुढे असते. दोन वर्षांपूर्वी जयंतीला मी गावी गेले होते. गाडीवर गाणं लागलं, ओळखीचं, आमच्या वहीतलं. आवाज इतका की छातीत धडधड व्हावी. धृपद झालं, पहिलं कडवं झालं, परत धृपद, मग नुसता ठेका, आणि त्यातूनच दुसरं गाणं सुरू. मी वाट पाहत राहिले. दुसऱ्या गाण्याचंही तेच. तासाभरात पंधरा-वीस गाणी झाली आणि एकाचंही शेवटचं कडवं आलं नाही. वामन हे नाव त्या दिवशी, त्यांच्याच गाण्यांवर पोरं नाचत असताना, एकदाही ऐकू आलं नाही.

रात्री मी भाच्याला म्हटलं, शेवटचं कडवं काहून कापतोस?

तो म्हणाला, “आत्या, गाणं चार मिनिटांच्या वर गेलं की पोट्टे पाणी प्यायले जातेत. मिरवणूक तुटते. दहाच्या आत चौकात पोचा लागते, नाही तं पोलीस मशीन जप्त करतेत.”

मी म्हटलं, अरे, पण नाव त्याच्यात आहे.

“मले मालूम आहे,” तो म्हणाला. मग थोडं थांबून, “पण तू एक सांग. तुमच्या दुय्यममधी पोरी कुठं बसत होत्या? मागं, बायांच्या बाजूनं, पोत्यावर. माह्यी बहीण आज निळा फेटा बांधून गाडीच्या समोर नाचली. साऱ्या गावानं पायलं. हे कोनी केलं? डीजेनंच नं?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि असतं तरी मी दिलं नसतं, कारण तो खरं बोलत होता. दुय्यममध्ये गायिका मंचावर असायची, पण मोहल्ल्यातली पोर कधी पुढे आली नाही. मी स्वतः दहा वर्षं गाणी लिहिली, पण बक्षीस द्यायला मंचापर्यंत चालत जायची माझी हिंमत झाली नव्हती. पैसे बाबांच्या हाताने जायचे, नाव बाबांचं पुकारलं जायचं. त्या पोरीला आज जी जागा मिळाली ती मी तिच्याकडून मागून घेणार नाही. गाणं पुढे जातं तेव्हा काही घेऊन जातं, काही टाकून जातं. टाकलेलं काय ते बघायला कोणीतरी मागे राहावं लागतं, एवढंच.

भाच्याने नंतर मला मोबाईलवर कडूबाई खरात दाखवल्या. औरंगाबादच्या बाई, हातात एकतारी, बाकी काही नाही. ना बेंजो, ना ठेका. गाणं पुरं म्हणतात. लाखो लोकांनी ऐकलंय, म्हणाला. “तुह्यासारखे लोक हायेत आत्या, सारे मोबाईलमधी हायेत.” तो मला समजावत होता की चिडवत होता, कळलं नाही. पण आम्ही दोघांनी ते गाणं शेवटपर्यंत ऐकलं, एकच इअरफोन अर्धा अर्धा कानात घालून.

बाबांची वही माझ्याकडे आहे. पानं पिवळी पडली, कडा वाळवीने खाल्ल्या. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ती नव्या वहीत उतरवायला घेतली. एकशे बारा गाणी निघाली. कवीचं नाव नाही असं एकही गाणं नाही. उतरवता उतरवता एक गोष्ट लक्षात आली. वामनदादांचं नाव या वहीत पन्नासच्या वर वेळा आलं. बाबांचं एकदाही नाही. येणार कसं? ते लिहिणारे नव्हते, गाणारेही नव्हते, मागे बसून पेटी धरणारे होते. गावात त्यांना सगळे ‘पेटीवाला’ म्हणायचे. ढोलकवाला ‘ढोलकवाला’. टाळी देणारे दोघे, त्यांना तर तेवढंही नाव नव्हतं. कवीला त्याचं कडवं सांभाळतं, बक्षीस देणाऱ्याला भोंगा सांभाळायचा. ज्यांच्या हातांवर सगळी रात्र उभी राहायची त्यांच्यासाठी गाण्यात जागाच नव्हती.

म्हणून नव्या वहीच्या मागच्या पानांपासून मी उलटी यादी लिहायला लागले आहे. भिवापूर, उमरेड, कुही, पवनी या बाजूला ज्यांनी ज्यांनी कधी पेटी, ढोलक, बेंजो, खंजिरी वाजवली, टाळी दिली, त्यांची नावं. गावी गेले की जुन्या माणसांना विचारते. त्यांनाही गंमत वाटते, आठवून आठवून सांगतात, मग आपसात भांडतात की तो नव्हता, त्याचा मोठा भाऊ होता. भाचा मोटरसायकलवर मागे बसवून मला या गावाहून त्या गावाला नेतो आणि चहा होईपर्यंत बाहेर गाडीपाशी थांबतो. आतापर्यंत सत्तेचाळीस नावं झाली. पूर्ण नाव लिहिते, बापाच्या नावासकट. आडनाव कोणाला आठवत नसेल तिथे गाव लिहिते आणि पुढे जागा सोडते.